पन्नाशीपुढची चौदावी

यल्लव्वा हुक्केरी थापा मारते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको, की आम्हाला कल्पना दिली नव्हती. थाप मारताना तिची पापणी लवत नाही, मशीनवरचा हात थांबत नाही, आणि थाप मारून झाली की ती समोरच्याला अगदी मायेने पाणी विचारते. पुण्याहून नव्याने आलेल्या एका इंजिनिअरला तिने सांगितलं होतं, की विमानाच्या सीटकव्हरवर टाके विषमच घालावे लागतात, सम झाले तर विमान डावीकडे ओढतं. त्या शहाण्याने दोन दिवस बसून टाके मोजले. तिसऱ्या दिवशी खरं कळल्यावर तो रागावला मात्र नाही. उलट रोज दुपारी डबा घेऊन तिच्याकडेच जेवायला बसू लागला. त्याचं नाव यशोवर्धन.

हे सगळं घडतं ते होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'वायुतरंग एअरोस्पेस'मध्ये. तिथे प्रवासी विमानं बनतात. तीन तऱ्हेची बनतात, आणि तिन्हींना कन्नड पाखरांची नावं आहेत, कारण मालकांच्या आईने तशी गळ घातली होती. गुब्बी, म्हणजे चिमणी, एकोणीस माणसांची. गिळी, म्हणजे पोपट, अठ्ठेचाळीस माणसांचं. आणि सगळ्यांत मोठं, नव्वद माणसांचं, ते कोक्करे, म्हणजे करकोचा. या तिघांविषयी कंपनीची चकचकीत माहितीपत्रकं आहेत, पण खरी माहिती हवी असेल तर ती यल्लव्वाकडेच मिळते. "गुब्बीत उंच माणसानं चढूच नये," ती सांगते, "आणि गिळीचे पंखे सुरू झाले की शेजारच्याचं काय बी ऐकू येत न्हाय. नवराबायकोला लई सोयीचं विमान."

आणि कोक्करे? कोक्करेचं नाव निघालं की ती थट्टा करत नाही. त्याच्या नव्वदच्या नव्वद सीटची कव्हरं तिच्या खात्यात शिवली गेली. बारा मशीनं, बारा बायका आणि वर यल्लव्वा. सगळे तिला अक्का म्हणतात. ती खोकली तरी बाराच्या बारा मशीनं थांबतात, की अक्काला काही म्हणायचंय का. ती मूळची चिकोडीकडची. तिकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच बोलते, घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही.

आता तिची सगळ्यांत मोठी थाप. ती वीस वर्षं टिकलेली आहे, म्हणून नीट ऐका.

वीस वर्षांपूर्वी वायुतरंगने शिवणखात्यासाठी बायका घ्यायच्या ठरवल्या तेव्हा अट होती, वय तिशीच्या आत. यल्लव्वा होती अडतीस वर्षांची. तिने शिवणक्लासच्या बाईंकडून एक प्रमाणपत्र आणलं, त्यावर स्वतःच जन्मसाल सांगितलं, आणि एका दुपारीत नऊ वर्षांनी लहान होऊन एकोणतीस वर्षांची म्हणून कामावर रुजू झाली. पुढे जी जी कार्डं निघाली ती सगळी त्या प्रमाणपत्रावरून निघाली. खरा पुरावा जगात एकच उरला, गावच्या मराठी शाळेचा दाखला. त्यावर जन्मतारीख एक जून. ती काही खरी नव्हे. तिच्या वर्गातली सगळीच्या सगळी पोरं एक जूनला जन्मलेली, कारण गुरुजींना शाळेच्या वर्षाला तीच तारीख सोयीची पडायची. पण साल खरं होतं. हा दाखला के. आर. पुरमच्या घरी, लोखंडी कपाटात, साड्यांच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत होता, आणि तो तिथे आहे हे फक्त तिला आणि देवाला ठाऊक होतं.

तर कागदावर यल्लव्वा एकोणपन्नास. आणि दाखल्याप्रमाणे गेल्या एक जूनला ती झाली अठ्ठावन्न. वायुतरंगमध्ये अठ्ठावन्नला हार घालून घरी पाठवतात.

घर काही वाईट नव्हतं. मुलगा शंतनु आणि सून श्वेता, दोघंही कॉम्प्युटरवाले, दोघंही गुणाची. पण रविवारी ती जरा उठून काही करायला लागली की दोघं एका सुरात म्हणत, "आई, तुम्ही बसा. आराम करा." तिला मरणाची भीती नव्हती, पण आरामाची होती. सोफ्यावर बसायचं, समोर दोघांच्या लॅपटॉपची पाठ बघायची, आणि खोकलं तरी काहीच थांबणार नाही. ही नऊ वर्षं तिला हवी होती. ती काही कुणाची चोरलेली नव्हती, तिच्या मते. मशीनवर पाय तिचाच होता ना?

श्रावण लागला आणि एका दुपारी यशोवर्धन डबा घेऊन आला, पण उघडेना.

"काय रे? बायको भांडली काय?"

"अक्का, बायका हव्यात."

"किती?"

"चौदा."

"एक धड झेपंना तुला, आणि चौदा?"

मग त्याने सगळं सांगितलं. कोक्करेला प्रवासी घेऊन उडायची परवानगी हवी तर एक परीक्षा द्यावी लागते. विमानात नव्वद माणसं बसवायची, हँगरमध्ये मिट्ट काळोख करायचा, अर्धी दारं बंद ठेवायची, आणि घंटा वाजली की नव्वद सेकंदांत एकूण एक माणूस घसरगुंडीवरून खाली आला पाहिजे. त्यातही धट्टेकट्टे गडी भरून चालत नाही. खऱ्या विमानात असतात तशी माणसं हवीत. त्यातल्या निदान चौदा बायका पन्नाशीपुढच्या, वयाच्या पुराव्यासकट. विमान चालवणारे आणि दुरुस्त करणारे चालत नाहीत, बाकी कोणीही चालेल.

"मग अडलंय कुठं? बेंगळुरात बायका संपल्या?"

"बायका आहेत हो. पन्नाशी मिळत नाहीये." यशोवर्धनने कपाळाला हात लावला. "इंदिरानगरच्या मराठी मंडळात जाऊन आलो. बेचाळीस जणींना विचारलं. सगळ्या एकोणपन्नास."

यल्लव्वाने मशीनचा दोरा दातांनी तोडला. एकोणपन्नास या आकड्याशी तिची फार जुनी ओळख होती.

"तुमचं काय वय, अक्का?" त्याने भाबडेपणाने विचारलं.

"एकोणपन्नास. पाणी पितोस काय?"

तो पाणी प्याला. दिल्लीहून तपासणीची माणसं एकाच दिवसासाठी येणार होती. तो दिवस हुकला की पुढची तारीख पाच महिन्यांनी. कोक्करेच्या दारांवर यशोवर्धनने चार वर्षं घातली होती आणि बोलता बोलता त्याने न उघडलेला डबा पिशवीत परत ठेवला. यल्लव्वाला ते बघवलं नाही. "रविवारी मी जातो मंडळात," ती म्हणाली. "तू येऊ नको. तुझं तोंड बघूनच कळतंय, की तुला गरज हाय."

रविवारी दुपारी मंडळाच्या सभागृहात मंगळागौरीच्या खेळांची तालीम चालली होती. फुगड्या, झिम्मा, घामाघूम नऊवाऱ्या आणि मधोमध मंडळाच्या अध्यक्षा सुचेताताई, शिट्टी घेऊन. यल्लव्वा दर गणपतीला मंडळात यायची, त्यामुळे तिला सगळ्या ओळखत होत्या. ती खुर्चीवर उभी राहिली.

"आमच्या कंपनीचं नवं विमान हाय. त्यात बसायला बायका पाहिजेत. दुपारचं जेवण, विमानासोबत फोटो. खरं एक अट हाय." इथे ती जरा थांबली. "पन्नाशीच्या आतल्याच पाहिजेत. पुढच्या नकोत म्हणालेत. त्यांना घसरगुंडी झेपत न्हाय, मधीच बसून ऱ्हातात, रडतात. उगाच कशाला म्हाताऱ्या बायकांचे हाल?"

मग सुचेताताईंच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

"कोण म्हणालं असं?"

"आमचे साहेब."

"त्या साहेबाला सांग, मी एकसष्ट वर्षांची आहे आणि आत्ता सलग बावीस फुगड्या घातल्यात!"

"एकसष्ट?" मागून कुणीतरी चित्कारलं. याच वर्षी सुचेताताईंचा एकोणपन्नासावा वाढदिवस मंडळाने केक कापून साजरा केला होता. पण आता त्याची पर्वा कुणाला? दुसरी म्हणाली, मी सत्तावन्न, रोज पाच किलोमीटर चालते. तिसरी म्हणाली, मी त्रेसष्ट आणि मला गुडघेदुखी म्हणजे काय ते माहीत नाही. वयं अशी फटाफट फुटायला लागली. जिचं वय जास्त तिचा आवाज मोठा. नागपूरची मुग्धा, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, फुगडीत सुचेताताईंची कट्टर प्रतिस्पर्धी, टेबलावर हात आपटून म्हणाली, "काहून नाही झेपणार? मी बावन्नची आहे, मला दाखवा कुठे आहे तुमची घसरगुंडी!"

यल्लव्वा खुर्चीवरून उतरली. चेहऱ्यावर सगळ्या जगाची काळजी. "बरं बाई, विचारून बघतो साहेबांना. वयाचा पुरावा मागतील मात्र." सोळा जणींनी आपापली नावं आणि खरी वयं स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. परतीच्या बसमध्ये ती एकटीच इतकी हसली, की कंडक्टरने विचारलं, अक्का, बरं आहे ना.

परीक्षेच्या आधी डॉक्टरी तपासणी होती. बायका बुजू नयेत म्हणून यल्लव्वाने पहिला नंबर स्वतःचाच लावला. रक्तदाब मोजून घेतला, संमतीपत्रावर सही केली, आणि राखीव माणसांच्या यादीत तिचं नाव चढलं: यल्लव्वा हुक्केरी, वय एकोणपन्नास.

परीक्षेच्या दिवशी सोळातल्या चौदाच आल्या. एकीला मुलाने अडवलं, एकीची नात तापाने फणफणली. तरी चौदा म्हणजे बरोबर चौदा. सकाळी दहाला हँगरच्या दारात टेबल मांडून दिल्लीच्या तपासणीबाई एकेकीचं ओळखपत्र बघू लागल्या. मंडळाच्या बायका खुशीत होत्या. इकडे कंपनीतल्या मुलांनी सकाळीच विमानाची पूजा करून दाराच्या उंबरठ्याला कुंकू लावलं होतं. आत डोकावून यायला ज्यांना सोडलं, त्या कुंकू बघून चपला शिडीखाली काढून अनवाणी वर गेल्या, आणि त्यांचं बघून मागच्या पन्नास पुरुषांनीही बूट काढले. तपासणीबाईंनी तो ढीग बघितला आणि त्या खुर्चीवरून उठल्याच. "हे देऊळ नाही! माणसं रोज जशी असतात तशीच बसली पाहिजेत!" मग कुणाची चप्पल कुणाच्या पायात, यात वीस मिनिटं गेली.

ते निस्तरून होतं न होतं तोच मुग्धाचा नंबर आला. तपासणीबाईंनी तिचं कार्ड पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"तुम्ही अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहात."

"हो," मुग्धा पुटपुटली.

"अगं, बावन्न म्हणालीस ना?" सुचेताताई ओरडल्या.

मुग्धाचा चेहरा लालबुंद झाला. "त्या दिवशी सगळ्या जणी वय सांगून सांगून भाव खाऊन राहिल्या होत्या. मी एकटीच लहान म्हणून मागे पडत होते. आलं तोंडात बावन्न!"

बघा आता. जगात बायका वय कमी सांगतात, हिने वाढवून सांगितलं, तेही यल्लव्वाने पेटवलेल्या भांडणात. करायला गेली एक आणि झालं हे.

"तेरा," तपासणीबाई म्हणाल्या. "चौदा हव्यात. आणि बाहेरून कुणाला आणू नका, डॉक्टरी तपासणी झालेलीच पाहिजे. दोन वाजेपर्यंत थांबते. नाहीतर पुढची तारीख."

यशोवर्धन शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. तो हातातल्या यादीची घडी घालत राहिला, उलगडत राहिला. यल्लव्वाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तेव्हा समोर सुचेताताई उभ्या.

"यल्लव्वा, तुझं वय काय गं?"

एकोणपन्नास. तोंडाशी आलेलंच होतं.

"आम्ही तेराजणींनी चारचौघांत खरी वयं सांगितली," सुचेताताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता आणि तेच वाईट होतं. "माझ्या सुनेला माहीत नव्हतं, आता अख्ख्या इंदिरानगरला माहीत आहे. तुझ्या एका थापेपायी. त्याचं मला काही नाही, मजा आली. पण मी तुला जिना चढताना बघते, बाई. एकोणपन्नासचे गुडघे असे वाजत नाहीत."

यल्लव्वा हँगरच्या भिंतीशी गेली. गप्प बसली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. नऊ वर्षं तिची, बारा मशीनं तिची. बोलली तर आजच्या आज घर, सोफा आणि आराम. आणि कोक्करे? त्याच्या रिकाम्या सीट तिने हजारदा पाहिल्या होत्या, हाताने चाचपल्या होत्या, पण त्या नव्वदही एकदमच भरलेल्या कधी बघितल्या नव्हत्या. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. दुसऱ्यांची वयं हसत हसत काढून घेतलीस, आणि स्वतःचं आलं तर कपाटात? तिने फोन काढला.

"श्वेता, माझं कपाट उघड. साड्यांच्या खाली प्लास्टिकची पिशवी हाय. त्यात शाळेचा दाखला हाय. स्कूटर काढ आणि कंपनीत घेऊन ये. वाचू नको."

पलीकडे थोडा वेळ कागदाचा आवाज.

"आई!"

"वाचू नको म्हटलो न्हवं?"

"आई, तुम्ही अठ्ठावन्न?"

"हळू बोल. शंतनु घरात हाय."

"अहो, मी इतकी वर्षं हळहळत होते! हिशेब करून करून मला वाटायचं, तुम्हाला पंधराव्या वर्षी मूल झालं! मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं होतं!"

"आता तुझ्या आईला सांग, चोविसाव्या वर्षी झालं. आणि लवकर ये."

श्वेता पन्नास मिनिटांत आली, केस विस्कटलेले, डोळे वटारलेले. तपासणीबाईंनी दाखला उजेडात धरून बघितला, गुरुजींची सही बघितली, शाळेचा शिक्का बघितला, आणि मग कंपनीची नोंद मागितली. ती नोंद घेऊन आले हयवदन, मनुष्यबळ खात्याचे प्रमुख, वीस वर्षांपूर्वी यल्लव्वाला कामावर घेणारे तेच. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर एकोणपन्नास, एकावर अठ्ठावन्न.

"यातलं खरं कुठलं, हे कंपनीने लिहून द्यायचं," तपासणीबाई म्हणाल्या. "तरच मी धरेन."

हयवदन यल्लव्वाला बाजूला घेऊन गेले आणि कन्नडमध्ये, हळू आवाजात म्हणाले, "अक्का, मी यावर सही केली, की तुम्ही त्याच क्षणी निवृत्त. नंतर मला काही फिरवता येणार नाही. खोटं वय दिलंत म्हणून मी कारवाई करणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे. विचार करा स्वल्प."

यल्लव्वाने विचार केला. खोटं कशाला सांगू, तिच्या मनात एक थाप तयार होत होती, की दाखला बहिणीचा आहे, बहीण जुळी होती, लहानपणीच वारली. चांगली होती थाप. तिने ती गिळून टाकली.

"सरी सर, चालतंय. करा सही."

त्यांनी सही केली. तपासणीबाईंनी यादीत चौदाचा आकडा लिहिला. यशोवर्धन धावत आला, आणि त्याला काय चाललंय ते कळेपर्यंत यल्लव्वाच्या अंगावर छापील नंबराचं जाकीट चढलं होतं.

आत गेल्यावर ती क्षणभर वाटेतच उभी राहिली. नव्वद सीट, नव्वद डोकी. कुणी तिच्या शिवणीवर कोपर टेकलं होतं, कुणी हाताने कापड कुरवाळत होतं, एक पुरुष पुढच्या कव्हराच्या खिशात चष्मा ठेवत होता, त्याच जागी, जिथे तिने दोनदा टाका फिरवला होता. तिचे डोळे भरून आले. मग हवाई सुंदरी बसा म्हणाली म्हणून ती बसली. शेजारी त्रेसष्टवाल्या बाई, मांडीवर परीक्षेसाठी दिलेली बाळाएवढी बाहुली. त्या बाहुलीची मान सांभाळून धरत होत्या.

"प्लॅस्टिकची हाय ती," यल्लव्वा कुजबुजली.

"असू दे. सवय असते हाताला."

दिवे गेले. काळोख असा, की डोळे उघडे की मिटलेले ते कळेना. घंटा वाजली. आणि मग जे झालं ते झालं, हवाई सुंदऱ्यांचं ओरडणं, पट्टे सुटण्याचा कडकडाट, पायात कुणाची तरी पिशवी, आणि तेवढ्यात पुढून दोन ओळखीचे आवाज:

"जा ना, मुग्धा!" राखीव म्हणून मुग्धालाही आत घेतलं होतं, पन्नाशीच्या आतल्यांत.

"नाही, ताई, आधी तुम्ही!"

"अगं, तू लहान आहेस, तू जा!"

"तुम्ही अध्यक्षा आहात, मी कशी जाऊ?"

वाट तुंबली. मागे चाळीस माणसं आणि पुढे हा शिष्टाचार! यल्लव्वाने वीस वर्षांचा, बारा मशीनांच्या वर ऐकू जाणारा आवाज काढला. "आता निघता की मी येऊ? मंडळ तिकडं, इथं विमान पेटलंय!" सुचेताताई आणि मुग्धा एकाच वेळी दारातून बाहेर गेल्या, एकमेकींच्या पदरासकट. मागची रांग सुटली. यल्लव्वा दाराशी पोचली, खाली काहीच दिसत नव्हतं, तिने हात छातीशी धरले आणि उडी मारली. किंचाळली. आनंदाने किंचाळली, हे लिहून ठेवा. खाली गादीवर आपटली, उठली, आणि तिच्यावर त्रेसष्टवाल्या बाई येऊन पडल्या, बाहुली डोक्याच्या वर धरलेली.

दिवे लागले. त्र्याऐंशी सेकंद.

यशोवर्धनने आधी तपासणीबाईंशी हात मिळवला आणि मग त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून शिडीलाच मिठी मारली. मंडळाच्या बायका फोटोसाठी विमानाखाली ओळीने उभ्या राहिल्या. श्वेता सासूचे फोटो काढत होती आणि मधूनच तिच्याकडे नव्याने भेटल्यासारखी बघत होती.

हयवदन दोन कप चहा घेऊन आले. एक तिला दिला.

"अक्का, एक विचारू? नऊ वर्षांची नोकरी होती हातात. नव्वद सेकंदांसाठी घालवलीत?"

"नव्वद कुठले ओ सर? त्र्याऐंशी." ती हसली, आणि मग कपातल्या चहाकडे बघत राहिली. "मला घरी बसायची लई भीती वाटते सर. खरं सांगतो. सकाळी उठून कुठं जायचं, ते उद्यापासनं मला ठाऊक न्हाय."

हयवदननी स्वतःचा कपही तिच्याच हातात दिला. तिने दोन्ही कप खाली ठेवले, नंबराचं जाकीट काढलं, त्याची घडी घातली, जशी कव्हराची घालते तशी, चारही कोपरे जुळवून.

"नव्वदातली सात सेकंदं उरवून दिलीत मी कंपनीला," ती डोळे पुसत म्हणाली. "तेवढी मला द्या. आत बाराजणी हायत, त्यांना सांगून येतो."

ती शिवणखात्याच्या दारातून आत गेली. एकामागून एक मशीनं बंद झाल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. संध्याकाळी पाचचा भोंगा झाला तरी ती बाहेर आली नाही, आणि हयवदननी तिला बोलवायला कुणाला पाठवलं नाही.